घंटा वाजवायला परवानगी लागू नये: कॉलेजातला आपत्तीचा इशारा

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "पुलाला किती?" आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. तेव्हा मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि मुलींच्या वसतिगृहाचं जादा काम माझ्याकडे होतं.

त्या संध्याकाळी आमच्या मुलींना तीन निरोप मिळाले. फलकावर लावलेल्या सूचनेत लिहिलं होतं, "उद्भवलेल्या परिस्थितीच्या अनुषंगाने सर्व संबंधितांनी उचित खबरदारी घ्यावी." वसतिगृहाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं, "कोणीही बाहेर पडू नये." आणि कुणाच्या तरी मामाकडून आलेला, शंभर ठिकाणी फिरलेला तिसरा निरोप होता, "धरण फुटलंय, पळा." काही मुली बॅगा घेऊन एसटी स्टँडच्या दिशेने निघाल्या, काही गच्चीवर गेल्या, काही खोलीत रडत बसल्या. लाइट गेलेले. मुलींची यादी ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये. मी आणि मेसच्या मावशी टॉर्च घेऊन एकेक दार ठोठावत गेलो. ६४ जणी मोजून होईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. सगळ्या सुखरूप होत्या. पण ती चाळीस मिनिटं माझ्या इमारतीत किती मुली आहेत हे मला माहीत नव्हतं, आणि हे मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर आम्ही जी पद्धत बसवत गेलो ती इथे सांगते. कॉलेज छोटं असो की मोठं, बरीचशी जशीच्या तशी वापरता येईल.

आधी एक कागद लिहून घ्या

सायरन, ॲप, कॅमेरे यांचा खर्च काढण्याआधी प्राचार्यांच्या सहीचा एक कागद मिळवा. आमच्या कागदावर एवढंच आहे: धोका ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने घंटा वाजवावी. विद्यार्थी, शिपाई, माळी, मेसच्या मावशी, बाहेरून आलेला वायरमन, कोणीही. विचारायला कुणाकडे जायचं नाही. प्रामाणिकपणे वाजवली आणि धोका निघाला नाही, तर वाजवणाऱ्यावर कारवाई होणार नाही.

हा कागद सहज सुचलेला नाही. एकदा मीटर रूममधून जळका वास आला. वॉचमन मामांनी रजिस्ट्रारना शोधलं, रजिस्ट्रारनी प्राचार्यांना फोन लावला, प्राचार्य गावाबाहेर मीटिंगला होते आणि त्यांचा फोन बंद होता. बारा मिनिटांनी वायरमन आला आणि त्याने मेन स्विच खाली केला. तोपर्यंत वरच्या दोन मजल्यांवर तास सुरूच होते. मामांना मी नंतर विचारलं, "घंटा का नाही वाजवली?" ते म्हणाले, "मॅडम, खोटी निघाली असती तर नोकरी गेली असती." त्यांचं काही चुकलं नव्हतं, ती भीती आम्हीच तयार केली होती. आता तो कागद लॅमिनेट करून घंटेच्या शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर लावला आहे.

घंटा कुणीही वाजवावी, पण निरोप एकानेच द्यावा. आमच्याकडे बोलणारी तीन माणसं क्रमाने ठरलेली आहेत: प्राचार्य, ते नसतील तर उपप्राचार्य, तेही नसतील तर एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी. कॉलेज सुटल्यावर वसतिगृहाच्या रेक्टर, आणि रात्री वॉचमन मामा. पहिला माणूस दोन मिनिटांत सापडला नाही तर दुसऱ्याने बोलायला सुरुवात करायची. बाकी कुणीही, अगदी विभागप्रमुखांनीसुद्धा, स्वतःच्या वर्गाच्या ग्रुपवर वेगळा निरोप लिहायचा नाही. आलेला निरोप जसाच्या तसा पुढे पाठवायचा. ग्रुपही आम्ही असा ठेवलाय की त्यात फक्त ॲडमिनच लिहू शकतात.

टोल आणि शब्द

नुसत्या आवाजाने काम होत नाही, आणि त्याचं कारण सोपं आहे. आग लागली तर बाहेर पडायचं. पाणी चढलं तर वर जायचं. वीज कडाडत असेल तर मैदान सोडून आत यायचं. प्रयोगशाळेत क्लोरीनसारखा वायू सुटला तर तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. मग वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला, आणि जमल्यास उंच जागी सरकायचं. म्हणजे एकाच सायरनला मुलांनी चार दिशांना जायचं. आवाज ऐकून ज्याला जे सुचेल ते तो करणार.

म्हणून आमचा नियम असा: सलग टोल पडले की हातातलं काम थांबवायचं, बोलणं थांबवायचं आणि कान द्यायचा. लगेच मागोमाग मेगाफोनवरून शब्द येतात. चारच हाका ठरलेल्या आहेत: "मैदानात या", "वर चला", "आत थांबा", "इमारत सोडा, वारा पाठीशी ठेवू नका". शेवटची हाक मुलांना सुरुवातीला कळत नव्हती, म्हणून आता कोणत्या दिशेला जायचं तेच नाव घेऊन सांगतो: "ग्रंथालयाच्या बाजूला चला." वाऱ्याचा अंदाज येण्यासाठी गच्चीवर कापडाची एक लांब पट्टी काठीला बांधली आहे.

टोल कशावर? तासाची विजेची घंटा त्यासाठी वापरू नका. एक तर मुलांना तिची सवय झालेली असते, दुसरं म्हणजे लाइट गेले की ती मुकी होते, आणि तिसरं गॅसचं. मेसमध्ये सिलिंडर गळत असेल तर कोणताही स्विच दाबायचा नसतो, चालू करायचा नाही आणि बंदही करायचा नाही; विजेच्या घंटेचं बटणसुद्धा त्यात आलं. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर यायचं आणि १९०६ ला फोन करायचा. आम्हाला स्टोअररूममध्ये जुना पितळी तास सापडला, लाकडी हातोड्यासकट. तो व्हरांड्यात टांगला. खर्च फक्त साखळीचा झाला. शिवाय सेलवर चालणारे दोन मेगाफोन आणि प्रत्येक मजल्यावर एकेक शिट्टी. मेगाफोनचे सेल दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बदलतो किंवा तपासतो, आणि तपासणाऱ्याची सही घेतो.

भूकंपाला टोल नाही. कोयना-वारणा पट्ट्यातले लहान धक्के आमच्याकडे अधूनमधून जाणवतात, आणि कोयनेच्या भूकंपाची, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट इथल्या जुन्या माणसांना अजून आठवते. जमीन हलत असताना कुणी घंटेकडे धावायचं नाही. बाकाखाली शिरायचं, बाकाचा पाय धरून ठेवायचा. हलणं थांबलं की मग टोल, मग मैदान.

निरोप कसा लिहायचा

"उचित खबरदारी घ्यावी" हे वाक्य मी आमच्या कॉलेजात कायमचं बंद करवलं. ते वाचून कुणालाही पाय कुठे टाकायचा हे कळत नाही. निरोपात पाच गोष्टी हव्यात: कोण बोलतंय, काय झालंय, कुठे, आत्ता काय करायचं, आणि पुढचा निरोप कधी. पाचवी सगळे विसरतात, पण अफवा तिथेच अडते. पुढचा निरोप अमुक वाजता येणार हे माहीत असेल तर माणूस तेवढा वेळ थांबतो. आणि ती वेळ झाली की नवीन काही नसलं तरी निरोप द्यायचाच: "परिस्थिती तीच आहे, जागीच थांबा, पुढचं १२ वाजता."

एसएमएसचा आग्रह धरा. पावसात डेटा जातो, व्हॉट्सॲप गोल फिरत राहतं. साधा एसएमएस कमकुवत नेटवर्कवरही बऱ्याचदा पोचतो. पण देवनागरी एसएमएस एका तुकड्यात फक्त ७० अक्षरांचा असतो, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, मोकळी जागा हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. त्याहून लांब झाला की त्याचे तुकडे होतात. आमचा आगीचा निरोप असा आहे:

"कॉलेज कक्ष: लॅबला आग. मैदानात या. जिना वापरा. पुढचा निरोप ११.२५ ला."

हा ७० मध्ये बसतो. आणखी एक गोष्ट बहुतेक कॉलेजांना ऐनवेळी कळते. एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. पूर आल्यावर बसून नवा मजकूर रचला तर तो जाणारच नाही. म्हणून आग, पूर, वादळ, गॅस, आणि "धोका टळला" असे पाच साचे मे महिन्यातच नोंदवून ठेवा. जागा आणि वेळ एवढीच रिकामी सोडा.

आमच्याकडे जत तालुक्यातून आणि अथणीकडून येणाऱ्या बऱ्याच मुली घरी कन्नड बोलतात. पहिल्या वर्षाला त्यांना मराठी समजतं, पण घाबरल्यावर आपल्या भाषेतलंच आधी कळतं. त्यांच्यातल्याच दोघींकडून चारही हाका कन्नडमध्ये लिहून घेतल्या आणि मराठीनंतर त्याही मेगाफोनवरून दिल्या जातात. तुमच्या वसतिगृहात कोणती भाषा आहे ते पाहा.

सांगून येणारं संकट

पूर सांगून येतो. कोयनेचं आणि कृष्णेचं पाणी कराडला एकत्र होऊन मग आमच्याकडे येतं, म्हणजे हाताशी वेळ असतो. तो वाया का जातो, तर कोणत्या आकड्याला काय करायचं हे ठरलेलं नसतं म्हणून. प्रत्येक जण "अजून थोडं बघू" म्हणत राहतो.

आम्ही आकडे ठरवून टाकले. पुलाला ३० फूट झाले की दिवसातून तीनदा पातळी फलकावर लिहायची. ३५ ला वसतिगृहातल्या मुलींना घरी पाठवायचं, रस्ते आणि एसट्या चालू असतानाच. सरकारी इशारा ४० ला असला तरी आमचा ३५ लाच, कारण ६४ मुलींना बाहेर काढायला एक पूर्ण दिवस लागतो. ज्यांच्या गावाला आधीच पाण्याचा वेढा आहे त्यांची सोय उंचावरच्या शिक्षकांच्या घरी, कोण कुणाकडे याची यादी जूनमध्येच. ४० ला इमारतीत कोणीही राहायचं नाही. हे मी इतक्या आग्रहाने सांगते कारण ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली आणि माणसं बुडाली. माझ्या मुलींवर बोटीची वेळ येऊ नये, म्हणून पाच फूट आधी.

हवामान खात्याचे रंगही असेच कामाला जोडून घ्या. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे त्यांच्या भाषेत अत्यंत जोरदार. आमच्याकडे नारिंगीला प्रात्यक्षिकं आणि सहली रद्द होतात, लालला पहिला तास सुरू व्हायच्या आधी, म्हणजे सकाळी सहाला, सुट्टीचा निरोप जातो. साडेसातला पाठवून उपयोग नाही. तासगाव-मिरजेच्या मुली तोवर बसमध्ये बसलेल्या असतात.

आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं (एनडीएमए) 'सचेत' ॲप आणि विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप निरोप देणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर ठेवा. एप्रिल-मेच्या वळवात क्रीडा स्पर्धा असतात. गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी परत जायचं नाही. मोबाइलवर मोठ्या आवाजात येणारा सरकारी इशारा मुलांना आधीच समजावून सांगा. २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा माझ्या वर्गात एकाच वेळी चाळीस फोन किंचाळले आणि दोन मुलींनी घाबरून फोन बंद केले. तो टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनवर येतो. त्यासाठी नंबर नोंदवावा लागत नाही. फोन बंद करायचा नाही, वाचायचा.

माणसं मोजणं

यादी कागदावर हवी. आमची तीन ठिकाणी असते: गेटवर, रेक्टरांच्या खोलीत आणि दुसऱ्या मजल्यावर माझ्या कपाटात. दर सोमवारी नवी. रात्री गावी गेलेल्या मुलीच्या नावापुढे खूण, म्हणजे नसलेल्या माणसाला शोधायला कुणी आगीत शिरणार नाही. दिवसा प्रत्येक शिक्षकाने हजेरीपट हातात घेऊनच वर्ग सोडायचा.

कुबड्या किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या, कमी दिसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला दोन सोबती द्या. एकच दिला तर नेमका त्याच दिवशी तो गैरहजर असतो. कसं उचलायचं, कुठे धरायचं हे त्या विद्यार्थ्यालाच विचारा. आमच्या एका मुलीने सांगितलं, "मला उचलू नका, फक्त माझ्या पुढे उभ्या राहा, मी कठडा धरून उतरते." आम्ही तिच्यासाठी खुर्ची आणायच्या बेतात होतो. ऐकू न येणाऱ्यांसाठी वर्गातले दिवे तीनदा चालू-बंद करणं ही खूण ठेवली आहे. फक्त गॅसच्या वेळी ते करायचं नाही, सोबत्याने खांद्याला हात लावायचा.

पालकांनाही निरोप हवा, नाहीतर पंधरा मिनिटांत गेटवर दोनशे मोटारसायकली उभ्या राहतात आणि अग्निशमनची गाडी रस्त्यावर अडकते. पालकांना भेटण्याची जागा आम्ही गेटपासून दूर, शेजारच्या मंगल कार्यालयाच्या आवारात ठेवली आहे, आणि चौकशीचा फोन नंबर इशाऱ्याच्या नंबरहून वेगळा.

गेटवर मोठ्या अक्षरात नंबर लावा: ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. त्याखाली कॉलेजचा पूर्ण पत्ता आणि जवळची ओळखीची खूण लिहा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या कॉलेजचा पत्ता सांगता येत नाही. मी स्वतः एकदा अडखळले आहे.

प्रयोगशाळा

माझ्या विषयाचं आहे म्हणून थोडं जास्त. २०१९ ला पाणी आमच्या प्रयोगशाळेच्या पायरीशी येऊन थांबलं. आत कपाटाच्या तळच्या कप्प्यात रॉकेलमध्ये बुडवलेल्या सोडियमची बाटली होती. सोडियमला पाणी लागलं की हायड्रोजन सुटतो आणि पेट घेतो, स्फोटही होतो. पायरी आणखी एक इंच कमी असती तर काय झालं असतं, या विचाराने मला आजही थरकाप होतो. आता सोडियम फारच थोडा मागवतो आणि तो पावसाळाभर दुसऱ्या मजल्यावर असतो. ॲसिड मात्र डोळ्यांपेक्षा उंच कधीच ठेवत नाही. वरच्या मजल्यावर नेलं तरी तिथे खालच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये. कुठे काय आणि किती याची एक पानी यादी गेटवर आहे, म्हणजे अग्निशमनवाल्यांना आत शिरण्याआधी कळेल की कुठे पाणी मारायचं नाही.

सराव

पहिला सराव सांगून करा, दुसरा फक्त कोणत्या आठवड्यात ते सांगून, तिसरा न सांगता. आमच्या पहिल्या सरावाला तीन मजले रिकामे व्हायला ११ मिनिटं लागली. कारण शोधलं तर मागच्या जिन्याच्या चॅनेल गेटला कुलूप होतं, परीक्षेत कॉपी पुरवणारे येतात म्हणून लावलेलं, आणि जिन्याखाली मोडके बाक रचलेले. ते बाक भंगारात काढायला मला चार महिने आणि तीन अर्ज लागले. गेटची किल्ली आता तिथेच काचेच्या पेटीत असते आणि परीक्षेच्या काळात तिथे कुलपाऐवजी माणूस बसतो.

सराव संपल्यावर "धोका टळला" हे टोल देऊन सांगू नका, शब्दांतच सांगा, आणि ठरलेल्या माणसानेच. त्याच दिवशी वहीत लिहा: टोल किती वाजता, पहिला शब्द किती वाजता, शेवटचा माणूस बाहेर किती वाजता, कोण मोजणीतून सुटलं, काय दुरुस्त करायचं. टोल आणि पहिला शब्द यांच्यात एक मिनिटाहून जास्त गेलं तर तो सराव आम्ही नापास धरतो.

या जूनच्या सरावात आम्हाला ४ मिनिटं ५० सेकंद लागली. ग्रंथालयामागच्या अभ्यासिकेत मात्र टोल पोचलाच नाही. तिथे सहा पंखे गरगरत असतात आणि मुलं कानात इअरफोन घालून बसतात. नऊ जण आत राहिले. त्या दारावर दुसरी घंटा टांगायची आहे आणि ती वाजवायचं काम तिथल्या ग्रंथालय परिचर ताईंनी मागून घेतलंय. पुढचा सराव ऑगस्टमध्ये, तारीख कुणाला सांगितलेली नाही.